रविवारचे मामाजी

"नातं?" वॉर्डनबाईंनी विचारलं.

"सासरा."

वॉर्डनबाईंचा टाक भेटीच्या वहीवर तसाच थांबला. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढून समोरच्या माणसाकडे पाहिलं. उंच, वाळलेला, धोतर गुडघ्याच्या जरा खाली, डोक्याला पांढरा रुमाल, हातात पळसाच्या पानांचं बांधलेलं गाठोडं.

"वडील येतात, भाऊ येतो, फार तर काका येतो. सुनेला भेटायला सासरा येतो हे मी अजून ऐकलेलं नाही."

"मंग मी बाहेरच बसतो बाई," ते शांतपणे म्हणाले. "तिले फक्त सांगा का हिंगणीहून मामाजी आलेत. येवढं बी नसन जमत तं हे गाठोडं द्या. सीताफळं हायेत. आज उद्या पिकतीन."

वॉर्डनबाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांच्या सुनेला, शेवंताला, बोलवायला त्यांनी तिथेच उभ्या असलेल्या मला पाठवलं. पहिल्या वर्षाच्या मुलींच्या खोलीत शेवंता आणि मी शेजारशेजारच्या खाटांवर होतो. "तुझे मामाजी आलेत," म्हटल्यावर ती अंगावरचा एप्रन न काढता जिन्यावरून धावली. सासऱ्यासाठी असं धावणारी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

हे पन्नास सालानंतरच्या त्या दशकातलं. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्ही चौदा मुली नर्सिंग शिकत होतो. माझं गाव नाशिकच्या पुढं. घरी सावत्र आई; त्यामुळे भेटीच्या दिवशी मला कुणी येण्याचा प्रश्न नव्हता. रविवारी तीन ते पाच मी खिडकीत बसून दुसऱ्यांची माणसं पाहत असे. मामाजींनाही मी सुरुवातीचे काही रविवार तसंच पाहिलं, खिडकीतून.

त्यांचं नाव तुळशीरामजी. हिंगणीला त्यांची कोरडवाहू शेती होती, कापूस आणि ज्वारीची. एकुलता एक मुलगा सदाशिव. पायात लोखंडाचा पत्रा घुसण्याचं निमित्त झालं आणि तो धनुर्वाताने गेला. शेवंता तेव्हा एकोणीस वर्षांची होती, मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न लावून द्यावं असं तिच्या माहेरच्यांनी सुचवलं. तिने नको म्हटलं. मग मामाजींनी तिला विचारलं, "तुले काय पायजे?" ती म्हणाली, "दवाखान्यात काम शिकायचं हाये." त्यांनी दोन वर्षं तिला घरी बसवून मॅट्रिकचा अभ्यास करू दिला आणि एक दिवस स्वतः वर्ध्याला आणून सोडलं. गावात काय काय बोललं गेलं ते शेवंताने मला कधी नीट सांगितलं नाही. "परक्या माणसाईची घाण काढाले सून धाडली," एवढंच एकदा तिच्या तोंडून निघालं होतं.

दर रविवारी ते येत. पहाटे हिंगणीहून निघायचं, सेलूपर्यंत पायी किंवा कुणाच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, तिथून पॅसेंजर, मग वर्धा स्टेशनपासून पुन्हा पायी. आवारात करंजाचं एक झाड होतं. बाकडं रिकामं असलं तरी त्यावर न बसता ते झाडाखाली जमिनीवर बसत. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. म्हणून कुणी बोलायला आलं की ते उजव्या बाजूची जमीन हाताने झाडून देत आणि म्हणत, "इकडून बस. आता सांग. मी बसलो हाओ."

"मी बसलो हाओ." या तीन शब्दांवर आमची निम्मी बॅच शिकली, असं म्हटलं तर त्यात फार खोटं नाही.

आमचं तेव्हाचं जगणं आज सांगून कुणाला खरं वाटणार नाही. सकाळी वॉर्डात ड्यूटी, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. पुस्तकं इंग्रजीत, आणि आमच्यातल्या बहुतेक जणींनी इंग्रजी फक्त शाळेच्या बाकावर ऐकलेलं. चादरीचा कोपरा चुकला तर सगळा पलंग पुन्हा. हातून काचेची सिरिंज फुटली तर सगळ्यांसमोर उभं करून बोलणी. कुणाचे केस गळत, कुणाची पाळी महिनोन्महिने येत नसे, कुणी न्हाणीघरात जाऊन रडे. दोघीजणी पहिल्याच वर्षी घरी गेल्या. ताण हा शब्द आम्ही तेव्हा फक्त बँडेज किती ओढायचं यासाठी वापरत होतो. आपल्याला जे होतंय त्यालाही काही नाव असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मामाजी अभ्यास कसा चाललाय हे कधी विचारत नसत. ते विचारत, "झोप लागते काय?" नाही म्हटलं, तर का म्हणून विचारत नसत. नुसते बसत. मग ती मुलगी आपणच सांगू लागे. सांगताना ती रडली, तर ते मान दुसरीकडे वळवून करंजाच्या शेंगा वेचू लागत. तिचं रडणं थांबलं की शेंगा टाकून देत.

एकदा हाडांची नावं पाठ होत नव्हती म्हणून शेवंता घाबरीघुबरी झाली होती. मामाजींनी पुस्तक मागून घेतलं, मांडीवर उघडं ठेवलं आणि म्हणाले, "म्हन."

"तुमाले इंग्रजी येत नाई मामाजी."

"मले नाई येत. पन तू अडखळली तं मले ऐकू येते."

ती म्हणू लागली. ते डोळे मिटून ऐकत होते. जिथे आवाज जरासा डळमळला तिथे त्यांचं बोट वर गेलं. "इथं. इथं तुले पक्कं नाई." आणि खरंच तिथे चूक होती. पुढच्या रविवारी पाच मुली रांगेत बसल्या, त्यात मीही होते. माझ्यासाठी बोट सात वेळा वर गेलं.

बँडेजच्या परीक्षेआधी तर आम्ही त्यांचा रोगीच केला. सुशीला नावाची हिंगणघाटची मुलगी होती, गिरणी कामगाराची लेक. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध दीक्षा घेतली होती. ती पहिल्या दिवसापासून आमच्या घोळक्यापासून एक हात लांब बसे. तिला तशी सवय लागलेली. मामाजींनी तिलाच आधी बोलावलं. "ये वं पोरी. डोकं पायजे का हात?" तिने भीत भीत त्यांचा रुमाल सोडला आणि डोक्याला पट्टी बांधली. मग त्यांनी तिच्याच तांब्यातलं पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर प्यायले.  त्या दिवशी एकीने डोकं बांधलं, दुसरीने हात गळ्यात अडकवला, तिसरीने घोटा. पाच वाजले, वॉर्डनबाईंची घंटा झाली, आणि आम्ही काही सोडायच्या आत ते तसेच निघाले. पुढच्या वेळी सांगत होते, "गाडीत दोन मानसं उठून उभे राह्यले माह्यासाठी. कोनत्या लढाईतून आले म्हने." आम्ही पोट धरून हसलो. ते हसत नव्हते; आम्हाला हसताना पाहत होते.

दुसऱ्या वर्षी ते घडलं. शेवंताची ड्यूटी पुरुषांच्या वॉर्डात होती. देवळीकडचा एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा धनुर्वाताने आला. अशा रोग्याला अंधाऱ्या खोलीत ठेवतात. उजेड, आवाज, धक्का, कशानेही झटका येतो. दाराला काळा पडदा लावलेला. शेवंताने बदली मागायला हवी होती. तिने मागितली नाही, आणि तिची गोष्ट माहीत असणारी मी, मीही सिस्टरना जाऊन सांगितलं नाही. तीन दिवस ती त्या पडद्याआड होती. शनिवारी दुपारी तो मुलगा गेला.

रविवारी सकाळी तिने आपली पत्र्याची पेटी भरली. कपडे, पुस्तकं, आरसा. तीन वाजता पेटीचं एक कडं तिने आणि एक मी धरून आम्ही ती झाडाखाली आणली.

मामाजींनी पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मले घरी न्या," ती म्हणाली. "मले नाई होत."

"बरं," ते म्हणाले. उजव्या बाजूची जमीन झाडली. "बस."

ती बसली. मी उठू लागले, तर तिने माझा हात सोडला नाही. तिने त्या मुलाचं सगळं सांगितलं. त्याचे आवळलेले दात, कमानीसारखी झालेली पाठ. मामाजी शेंगा वेचत नव्हते. तिच्याकडेच पाहत होते.

"त्या पोराजवळ कोन होतं?" त्यांनी विचारलं.

"त्याची माय बाहेर बसली होती. आतमंदी कोनाले जाऊ देत नाईत."

"म्हंजे कोनीच नोयतं?"

"मी होती."

"हात धरलता काय त्याचा?"

"शेवटी धरला."

 मग हळू आवाजात, जसं काही शेतातलं सांगावं तसं सांगू लागले. "सदाशिव टेशनावर माह्या मांडीवर गेला असं मी तुले सांगतलं. तुह्या सासूले बी तेच सांगतलं. ते खोटं हाये. त्याले दवाखान्यात न्याले मी बंडी हाकून राह्यलो होतो. जोरात हाकली का दनके बसत आन त्याले झटके येत. हळू हाकली का टेशन दूर राहे. मी समोर पाहून हाकतच राह्यलो. नाला गेला तवा त्याचा आवाज थांबला. मले वाटलं, झोपला. बरं वाटलं मले. टेशनावर मागं पाह्यलं, तं..." त्यांनी हात उताणा करून मांडीवर ठेवला. "कधी गेला ते मले ठाऊक नाई. वाटेत कुठं गेला, ते बी नाई."

शेवंता रडतसुद्धा नव्हती.

"हे मी तुले इथं राहाय म्हनासाठी नाई सांगत," ते म्हणाले. "तुले घरी याचं असन तं चाल. गाडीले टाइम हाये. पेटी मी घेतो. तू इचारलं नाई कधी, म्हून सांगाचं राहून गेलतं."

पाचची घंटा होईपर्यंत तिघंही बसून होतो. मग शेवंता उठली, पेटीच्या कड्याला हात घातला आणि मला दुसरीकडून धरायची खूण केली. दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "पुढच्या रविवारी येसान ना मामाजी?"

"येईन ना."

ती राहिली. धनुर्वाताच्या पुढच्या प्रत्येक रोग्याची ड्यूटी तिने स्वतःहून मागून घेतली.

मला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट खुपत होती. आम्ही इतक्या जणी त्या माणसाच्या उजव्या कानाशी बसून मोकळ्या होत होतो. तो माणूस कुणापाशी बसतो?

ते मला तिसऱ्या वर्षी कळलं. एका रविवारी शेवंताला ऑपरेशन थिएटरमधून सोडलं नाही. मी निरोप द्यायला झाडाखाली गेले. ते म्हणाले, "बरं, काम हाये तं हाये," आणि गाठोडं माझ्याकडे दिलं. हुरडा होता. परतीच्या गाडीला दीड तास होता. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि विचारलं, "मामाजी, तुम्हाला झोप लागते का?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी काहीतरी चुकीचं बोलले असं मला वाटलं.

"मले?" ते म्हणाले. मग रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला. "नाई लागत."

"सांगा. मी बसले आहे."

सांगायला त्यांना फार वेळ लागला. यशोदाबाई, म्हणजे शेवंताची सासू, ज्या दिवशी शेवंताला वर्ध्याला सोडलं त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलली नव्हती. एक शब्दही नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. वेळेवर ताट वाढायचं आणि आत निघून जायचं. "लेक गेला, होती ते सून बी घालवली," हे तिचं शेवटचं वाक्य. दोघांच्या त्या घरात तीन वर्षं भांड्यांशिवाय आवाज नव्हता.

"बैलासंग बोलतो," ते म्हणाले. "आठ दिवस मनात ठेवतो, का रविवारी शेवंताले हे सांगीन, ते सांगीन. मंग इथं येतो तं तिचंच इतकं असते, माहं राहून जाते."

"तिला एकदा सांगा ना."

"नाई, नाई." ते एकदम सावरून बसले. "तू बी सांगू नको. ती पेटी भरन. शपथ घे."

मी शपथ घेतली आणि पाळली. त्यांच्या नाडीवर हात ठेवून पाहावं, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं होतं. नर्सची सवय. तेही केलं नाही. पाचची घंटा झाली. ते उठले, आणि मला वाटतं, त्या दिवशी ते नेहमीपेक्षा हळू चालत गेले.

शेवंता चांगल्या गुणांनी पास झाली. तिला चांद्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात जागा मिळाली, सोबत दोन खोल्यांचं क्वार्टर. "तुम्ही दोघंही तिकडे चला," म्हणून ती किती वेळा म्हणाली. मामाजी हो म्हणत, नाहीही म्हणत. वर्धा स्टेशनवर त्यांनी तिला खिडकीजवळ बसवून दिलं, शेजारच्या बाईला तिचं नाव सांगितलं, आणि गाडी हलल्यावर हात न हलवता नुसते उभे राहिले. मी त्याच दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणून राहिले. रविवार येत राहिले. मामाजींना आता वर्ध्याला यायचं कारण उरलं नव्हतं.

दीडएक वर्षाने ते आले, मंगळवारी, आणि एकटे नाही. यशोदाबाईंना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड होता. त्या माझ्याच वॉर्डात दाखल झाल्या. ठेंगणी, गोरी, ओठ घट्ट मिटलेली बाई. भेटीच्या वेळी मामाजी खाटेपाशी येऊन जमिनीवर बसत. ताप उतरल्यावर संत्र्याची परवानगी मिळाली, तेव्हा ते एकेक फोड सोलून, तिच्या सगळ्या शिरा काढून, बशीत मांडून ठेवत. यशोदाबाईंचं तोंड भिंतीकडे. ते गेले की त्या वळून फोडी खात. वॉर्डातल्या बायकांना वाटे, म्हातारी मुकी आहे.

मी त्यांचं अंग पुसत असे, खालचं भांडं देत असे. पहिले काही दिवस त्या लाजेने डोळे मिटून घेत. मी शेवंताची मैत्रीण आहे, हे त्यांना कळलं होतं. एक दिवस मी चादर बदलत असताना त्या अचानक बोलल्या.

"शेवंता बी हेच करते काय?"

"हो."

"सगळ्याईचं?"

"सगळ्यांचं."

त्या पुन्हा भिंतीकडे वळल्या. घरी जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला अजून जोर नव्हता.

"तिले पत्र लिहिजो," त्या म्हणाल्या. "म्हन, म्हाताऱ्याले तिकडं घेऊन जाय. माह्याजवळ राहून तो वाळून राह्यला."

"आणि तुम्ही?"

"मी हावो ना घरी."

"तुम्हीच का नाही बोलत त्यांच्याशी?"

त्यांनी डोळे मिटले.  "इतके दिस झाले," त्या म्हणाल्या. "आता कोनत्या शब्दानं सुरू करू, बाई? मले नाई समजत."

त्या संध्याकाळी मी शेवंताला पत्र लिहिलं. जे शपथेखाली दडवलं होतं तेही सगळं लिहिलं. ती रजा काढून हिंगणीला गेली. जाता जाता वर्ध्याला उतरून मला एवढंच म्हणाली, "तू मले तवाच काऊन नाई सांगतलं, कमल?"  मामाजी तिच्याबरोबर गेले नाहीत. "मी गेलो तं ती ताट कोनाले वाढन?" असं म्हणाले म्हणे. शेवंता एकटीच परत आली. पुढे तिने खटपट करून सेलूच्या जवळ बदली मिळवली, पण त्याला दोन वर्षं लागली, आणि तोवर मामाजी नव्हते.

यशोदाबाईंना घरी सोडलं त्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले होते. तांगा उभा होता. मामाजींनी त्यांना मागच्या बाजूला बसवलं, पाठीशी घोंगडी नीट लावली आणि स्वतः पुढे तांगेवाल्याशेजारी बसले. तांग्यात बसायचं तसंच असतं, एकाचं तोंड पुढे, दुसऱ्याचं मागे. यशोदाबाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि मामाजी रस्त्याकडे. मला त्यांनी मान हलवून निरोप दिला, "येतो पोरी," म्हणाले. घोडा निघाला.

फाटकाबाहेर गिट्टीचा ढीग होता. चाक त्यावरून गेलं, तांगा एका अंगाला कलला, आणि यशोदाबाईंचा हात आधारासाठी मागे गेला. तो मामाजींच्या खांद्यावरच्या उपरण्यावर पडला. यशोदाबाईंनी त्याचा पदर मुठीत धरला. पुढचा रस्ता सपाट होता, तांगा सरळ चालू लागला, तरी ती मूठ सुटली नाही. मामाजींना ते कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. ते समोर पाहत होते. तांगा स्टेशनच्या रस्त्याला वळला तेव्हाही त्या माझ्याकडेच पाहत होत्या, ओठ मिटलेले, आणि पाठीमागच्या हातात ते पांढरं कापड.